श्रवणकेंद्र क्रमांक सतरा

गिरगाव, मुंबई
शनिवार, १२ ऑक्टोबर १९५७

सुमती,

पत्राच्या आरंभी मायना लिहावा लागतो. 'चिरंजीव सौभाग्यवती' हे शब्द एकवीस महिन्यांपूर्वी माझ्या लेखणीतून गळाले. त्यांच्या जागी रूढीने जे लिहायचे, ते तुझ्या नावामागे लिहिण्याचे बळ मला आजही नाही. म्हणून केवळ नाव लिहिले. सासऱ्याने सुनेला असे उघडे नाव लिहावे, हे रीतीला सोडून आहे. परंतु रीतीच्या गोष्टी मी तुला सांगाव्यात असा माझा अधिकार उरलेला नाही, हे मी जाणतो.

एका वस्तूसाठी लिहीत आहे. मनमोहनाची निळ्या पुठ्ठ्याची वही तुझ्या ट्रंकेतून बडोद्यास गेली आहे. त्याने स्वतः जोडलेल्या रेडिओची आकृती तिच्यात आहे, आणि गच्चीवरील तारेची लांबी व दिशाही. ती वही मला काही दिवस हवी आहे. का, ते सांगतो.

रशियाने आकाशात कृत्रिम चंद्र सोडल्याचे तू वाचले असशील. दीड तासात तो पृथ्वीला प्रदक्षिणा घालतो आणि फिरताना एक ध्वनी सोडीत जातो. गेल्या सोमवारी समोरच्या आनंदीबाईंच्या रेडिओवर बातम्यांत तो ध्वनी ऐकवला. मी संध्येला बसलो होतो. तो कानी पडताच मी आसनावरून उठलो, अडसर काढला आणि दार उघडले. बाहेर कोणी नव्हते.

आनंदीबाई आपल्या दारातून म्हणाल्या, "अप्पा, कुणी आलं का?"

"नाही. वारा असेल."

"वारा कुठला? पान हलत नाही. आमच्याकडे तो रशियाचा भोंगा वाजतोय. या आत, ऐका."

मी गेलो नाही. हल्ली मी दार फार लवकर उघडतो. असो.

दादरच्या एका शाळेत विज्ञान शिकविणारे जयवंत सामंत म्हणून गृहस्थ आहेत. त्यांनी 'उपग्रह श्रवण मंडळ' स्थापन केले आहे. लघुलहरींचा रेडिओ घरी असलेल्या हौशी मंडळींनी नाव नोंदवायचे. तो चंद्र आपल्या माथ्यावरून जाताना ध्वनी कोणत्या क्षणी सुरू झाला आणि कोणत्या क्षणी थांबला, हे घड्याळ समोर ठेवून टिपायचे. आणि ते टिपण टपालाने दादरला धाडायचे. गावोगावच्या अशा नोंदी जुळविल्या म्हणजे त्या चंद्राचा मार्ग आणि वरची विरळ हवा यांचे गणित मांडता येते. वर्तमानपत्रातील निवेदन वाचून मी अर्ज मागविला. अडुसष्टाव्या वर्षी हे काय सुचले, असे तुला वाटेल. शब्द हा आकाशाचा गुण, असे शास्त्र सांगते. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून देवळात प्रवचनाला बसून हे वाक्य मी शेकडो वेळा उच्चारले आहे. एकदा प्रत्यक्ष ऐकून पाहावे, इतकेच.

अर्जात तीन गोष्टी ठळकपणे विचारल्या आहेत: केंद्राचे स्थान, तारेची लांबी आणि केंद्रचालकाचे नाव. पहिली मला ठाऊक आहे. दुसरी वहीत आहे. तिसरीचा विचार करीत आहे.

मनमोहनाची बेबी आता चालू लागली असेल. उत्तर लिहिले नाहीस तरी चालेल. वही मात्र पाठव.

अप्पा


गिरगाव, मुंबई
सोमवार, २१ ऑक्टोबर १९५७

सुमती,

वही पोचली. पार्सलात चिठ्ठी नव्हती. वेष्टणाचा कागदही मी उलटसुलट करून पाहिला. तू वहीला नवे कव्हर घातले आहेस, आणि शाई पुसट झालेल्या पानांवर पातळ कागद लावला आहेस. एवढे माझ्यासाठी केलेले नाही, हे मला समजते.

काल रविवारी भिवा आला होता. लालबागच्या गिरणीतला वायरमन, मनमोहनाचा मित्र. तुझ्या लग्नात ज्याने मांडवाचे सगळे दिवे लावले आणि ऐन अंतरपाटाच्या वेळी फ्यूज उडवला, तोच. तार बांधायला मीच त्याला निरोप धाडला होता. गच्चीवर जाऊन तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काय अप्पा, जुनी तार कावळ्यांनी खाल्ली की काय?"

"कावळे तार खात नाहीत, भिवा."

"मग वाडीतल्या पोरांनी नेली. तुमच्या वाडीतली पोरं म्हणजे कावळ्यांची पण बाप."

वहीतील मापाप्रमाणे त्याने नवी तार ओढली. मनमोहनाने ती आग्नेयेकडून वायव्येकडे का घेतली होती, हे त्याला पाठ होते. गाठ आवळता आवळता, माझ्याकडे न पाहता, तो म्हणाला, "अप्पा, एक विचारू? दोन वर्षं पोटात हाय. त्या बुधवारी मीच त्याला वाडीच्या तोंडापर्यंत सोडला. म्हटलं, मेल्या, कर्फ्यू लागलाय, आता गप घरात बस. तो आत वळलेला मी या डोळ्यांनी बघितला. मग वीस मिन्टांत नाक्यावर पोलिसांच्या गोळीला कसा गावला? घरी नव्हता काय आला?"

मी म्हणालो, "नाही."

"मग जिन्यातनंच फिरला म्हणायचा," भिवा म्हणाला, आणि त्याने गाठ पुन्हा एकदा आवळली.

त्याला जे सांगितले, ते तुलाही ठाऊक असावे म्हणून लिहिले.

अर्ज भरून धाडला. रेडिओचा परवाना मनमोहनाच्या नावाचा आहे. गेली दोन्ही वर्षे मी तो त्याच्याच नावाने नवा करून घेतला. पोस्टातल्या कारकुनाने कधी काही विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. परवान्यावर एक नाव आणि अर्जावर दुसरे, असे नको म्हणून केंद्रचालक या रकान्यात मी 'मनमोहन त्रिंबक धराधर' असे लिहिले. सोयीपलीकडे त्यात काही हेतू नाही.

काल सायंकाळीच पहिल्याने ऐकू आले. प्रथम केवळ खरखर, आणि तिच्या तळातून, फार लांबून येणारा, तो. सगळे त्याला भोंगा म्हणतात. मला तो तसा वाटला नाही. आतली माणसे कामात आहेत हे ठाऊक असणाऱ्याने बाहेरून जपून दार वाजवावे, तसा तो आहे. सहा मिनिटे ऐकू आला. मग दूर गेला.

उद्या दिवाळी. इथे फराळाचे काही केलेले नाही. आनंदीबाई ताट आणून देतील.

अप्पा


गिरगाव, मुंबई
मंगळवार, १२ नोव्हेंबर १९५७

सुमती,

मंडळाने आपल्या घराला श्रवणकेंद्र क्रमांक सतरा ठरविले आहे. पाकीट घेऊन आलेला पोस्टमन खालूनच ओरडला, "मनमोहनरावांचं टपाल!" वाडीतली चार दारे उघडली. आनंदीबाई कठड्याशी येऊन माझ्याकडे पाहत राहिल्या, आणि आत गेल्या. मी खाली उतरलो आणि पाकीट घेतले.

आत छापील नियम होते, आणि नोंदीचे कोरे तक्ते. तक्त्यात बारीकसारीक विचारलेले आहे: ध्वनी कधी सुरू झाला, कधी थांबला, पाचपैकी किती स्पष्ट होता, व्यत्यय कोणता होता. शेवटी, 'त्या वेळी श्रोत्याची हालचाल' असाही एक रकाना आहे. श्रोता रेडिओजवळून उठला किंवा हात हलविला तरी आवाज बदलतो, म्हणून तेही हवे असते. नियमांतला चौथा मी इथे उतरवून देतो: 'जे ऐकू आले नाही ते ऐकले म्हणून लिहू नये, आणि जे ऐकू आले ते ऐकले नाही म्हणून लिहू नये. यांपैकी दुसरी चूक आम्हास अधिक नडते, कारण ती आम्हाला पकडता येत नाही.' एका शाळामास्तराने हे लिहिले आहे. मी ते तीनदा वाचले.

पहिल्या चंद्राचा आवाज दिवाळीनंतर चार दिवसांत बंद पडला. पुढे कार्तिकी एकादशीला त्यांनी दुसरा सोडला, आणि त्यात एक कुत्री बसविली. तिला परत आणण्याची काही तजवीजच नाही, असे वर्तमानपत्रात आहे. आठवडाभर सकाळ-सायंकाळ मी तो ध्वनी टिपला. बंद पेटीत एक जीव, आत उघडायला कोणी नाही, बाहेर उघडायला कोणी नाही, आणि तो माझ्या छपरावरून दिवसातून कितीदा तरी जातो आहे. उपवासाच्या दिवशी मी त्या मुक्या प्राण्याच्या नावाने पाणी सोडले. असे करावे असे कुठेही सांगितलेले नाही. परवा, रविवारी, तोही आवाज थांबला. तक्त्यात मी लिहिले: ऐकू आले नाही. तेवढे लिहिणे सोपे होते.

तुझे कार्ड याच आठवड्यात आले. त्यात एकच ओळ आहे: 'मामंजी, त्या संध्याकाळी हे घरी आले होते का? भिवाभाऊंनी मला लिहिलं आहे.'

एकवीस महिन्यांनी तू मला मामंजी म्हणालीस.

तेराव्या दिवशी काय घडले, हे तुला नातलगांपैकी कोणीतरी कळविले असेलच. त्याच्या खिशात तुझे पत्र सापडले होते. मुंबई महाराष्ट्रात राहावी म्हणून सारे गिरगाव रस्त्यावर असताना आपण घरात बसू नये, पोटातल्या जीवाला उद्या काय सांगणार, असे तू त्यात लिहिले होतेस. ते पत्र मी वीस माणसांसमोर मोठ्याने वाचले आणि म्हणालो, "या कागदाने माझा मुलगा नेला." नंतर तोच कागद पाकिटात घालून, वर 'तुझे तुला' असे लिहून, बडोद्यास धाडला. तू तेव्हा बाळंतपणाच्या खोलीत जाण्याच्या बेतात होतीस. हे सर्व मी केले. ते मी नाकारीत नाही.

तुझ्या प्रश्नाविषयी. त्या संध्याकाळी मी अनुष्ठानाला बसलो होतो. सूर्यास्तापासून संख्या पुरी होईपर्यंत मौन, आणि आसन सोडायचे नाही, असा संकल्प होता. ते अनुष्ठान तुझ्या सुखरूप सुटकेसाठी होते. बाहेर गडबड होती म्हणून दाराला अडसर घातला होता. याहून अधिक मला सांगता येत नाही.

अप्पा


गिरगाव, मुंबई
शुक्रवार, २७ डिसेंबर १९५७
पौष शुद्ध षष्ठी

सुमती,

आज श्राद्ध केले. बापाने मुलाचे करायचे, हा क्रमच उलटा आहे. दर्भ हातात धरवेना. गुरुजी नवे होते. त्यांनी विचारले, "नाव काय?" मी सांगितले. सकाळी त्या नावाने पिंड ठेवला, आणि दुपारी त्याच नावाने आलेले टपाल सही करून घेतले. मंडळाने मनमोहनाला नववर्षाच्या शुभेच्छा पाठविल्या आहेत, आणि त्याच्या नोंदी सर्वांत काटेकोर असल्याबद्दल अभिनंदन केले आहे.

देवळातले प्रवचन मी सोडले. मागल्या महिन्यात अतिथीधर्माचे प्रकरण आले. दारी आलेला विन्मुख परतला, तर तो आपले पाप त्या घरी ठेवून घरधन्याचे पुण्य घेऊन जातो. हे मी पूर्वी किती सहजपणे सांगत असे! या वेळी पोथी मिटली आणि प्रकृती बरी नाही, असे म्हणालो. श्रोत्यांतल्या एका बाईने सुंठ आणून दिली.

तू पुन्हा लिहिले नाहीस. एकदा विचारून तू थांबली आहेस. हे पुन्हा पुन्हा विचारण्याहून मला जड जाते.

जिन्यात पावले वाजली होती, असे कधी कधी वाटते. परंतु जिना वरच्या बिऱ्हाडांचाही आहे. पावले कोणाचीही असू शकतात.

आकाशात हल्ली ऐकण्यासारखे काही नाही. तरीही मी रोज सायंकाळी रेडिओ लावतो आणि तक्त्यात 'नाही' असे लिहितो. रेडिओ बंद केल्यावर मात्र ऐकू येते. दोन थापा, थोडा विराम, पुन्हा दोन. हे मी कोणत्याही तक्त्यात लिहीत नाही.

अप्पा


गिरगाव, मुंबई
सोमवार, २ जून १९५८

सुमती,

हे पत्र तू पूर्ण वाच, एवढीच विनंती आहे. मधे कुठे थांबावेसे वाटले तर थांब. पण फाडू नकोस, कारण याचा उपयोग तुला पुढे कोणाला दाखविण्यासाठी होईल.

गेल्या महिन्यात तिसरा चंद्र गेला. त्याचा आवाज पूर्वीच्या दोहोंपेक्षा भक्कम आहे आणि तो लवकर थांबणार नाही, असे म्हणतात. मी पुन्हा नियमाने नोंदी धाडू लागलो. गुरुवारी, २९ मे रोजी, दिवेलागणीला मी जपाला बसलो होतो. दार वाजले. आनंदीबाई 'अप्पा' अशी हाक मारून मगच कडी वाजवितात. हा हाक न मारता वाजविणारा होता. जपून वाजविणारा.

सुमती, मी बसून राहिलो. कारण हा आवाज खरा नाही, असे मी स्वतःला सांगितले. गेली अडीच वर्षे मी स्वतःला हेच सांगत आलो आहे. पुन्हा वाजले. बाहेर कोणीतरी खाकरले. मी उठलो तेव्हा माळ हातातून सुटली आणि तिचा दोरा तुटला. अनवाणी पायांखाली मणी येत होते. मी अडसर काढला.

दारात एक तिशीचा, चष्मा लावलेला माणूस उभा होता. खांद्याला शबनम पिशवी, हातात पेढ्यांचा पुडा.

"मनमोहनराव आहेत ना? मी सामंत. दादरहून आलो. आपण त्यांचे वडील? काय नेटक्या नोंदी ठेवतात हो! आमच्याकडे चाळीस केंद्रं आहेत. पण सेकंदाला सेकंद जुळणारं हे एकटंच. म्हटलं, पत्रं किती लिहायची, जाऊन तोंड गोड करू."

अडसर अजून माझ्या हातातच होता.

"बाहेर गेलेत का? हरकत नाही, थांबतो मी. केव्हापर्यंत येतील?"

"तो येऊन गेला," मी म्हणालो. "मी दार उघडले नाही."

जे तुला लिहायला मला इतके दिवस लागले, ते एका परक्या माणसाला उंबरठ्यावर उभे राहून मी सांगितले. त्याने पुडा कट्ट्यावर ठेवला, चपला काढल्या आणि आत येऊन तो जमिनीवर बसला. आधी त्याने विखुरलेले मणी गोळा केले. मग मी सर्व सांगितले. ऐकून झाल्यावर त्याने मणी माझ्या ओंजळीत ठेवले.

"नोंदी कोणी घेतल्या?" त्याने विचारले.

"मी."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"मग नोंदी खऱ्या आहेत, अप्पासाहेब. नाव तेवढं खोटं आहे. खोट्या नावाखाली मला त्या पुढे पाठवता यायच्या नाहीत. नवा अर्ज भरा." त्याने पिशवीतून अर्ज काढला, आणि त्याबरोबर नोंदीचे दोन कोरे तक्ते. "एक उद्याच्या फेरीला," तो म्हणाला. "दुसरा असू द्या. तुम्हाला लागेल."

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

होय. तो घरी आला होता.

बुधवार, १८ जानेवारी. दिवेलागण होऊन गेली होती. मी आसनावर होतो. त्या दिवशीच्या शेवटच्या माळेचे एकसष्ट मणी झाले होते आणि सत्तेचाळीस उरले होते. जिन्यात त्याची पावले वाजली. ती कोणाचीही असू शकत नव्हती. तो तिसऱ्या पायरीवर नेहमी जोराने पाय देत असे. दाराला अडसर होता, म्हणून त्याची किल्ली निरुपयोगी होती. समोर आनंदीबाईंच्या दाराला कुलूप होते. त्या आठवड्यात त्या घोडपदेवला भावाकडे होत्या. त्याने दार वाजविले. हाक मारली नाही, कारण मी मौनात आहे हे त्याला ठाऊक होते आणि माझे व्रत मोडण्याचे पाप त्याला नको होते. इतका तो माझा मुलगा होता. त्याने तीनदा वाजविले. मी डोळे उघडले, दाराकडे पाहिले आणि पुन्हा मिटले. सत्तेचाळीस मणी म्हणजे किती वेळ? तो जिन्यात थांबेल, असे मला वाटले. संख्या मोडली तर सारे अनुष्ठान वाया जाईल, असेही वाटले. तीन महिन्यांची संख्या होती ती.

पुरे सत्तेचाळीस जपून मी उठलो. दार उघडले. जिना मोकळा होता. मी अडसर हातात धरून उभा असतानाच नाक्याच्या बाजूने गोळ्यांचे आवाज आले.

ते अनुष्ठान तुझ्या सुटकेसाठी होते, असे मी तुला लिहिले. ते खरे आहे. आणि ते लिहिणे हे माझे दुसरे पाप आहे. त्या सत्तेचाळीस मण्यांत तू नव्हतीस. बेबी नव्हती, देवही नव्हता. तिथे फक्त माझी संख्या होती.

तुझे पत्र त्याच्या खिशात होते. त्याच्या घड्या झिजून आरपार गेल्या होत्या. तो ते कित्येक दिवस जवळ बाळगीत होता. परंतु त्या पत्राने त्याला नेले नाही. तू 'बाहेर जा' म्हणालीस, तो गेला, त्याला जे करायचे ते त्याने केले आणि तो परत आला. धडधाकट परत आला. त्याला पुन्हा बाहेर ठेवले ते माझ्या दाराने. हे मला त्याच रात्री ठाऊक होते. तेराव्या दिवशी तुझे पत्र हातात घेऊन बोलत होतो तेव्हाही ठाऊक होते. कोणी माझ्या दाराकडे पाहू नये, म्हणून मी सर्वांना तुझ्या कागदाकडे पाहायला लावले.

दोष मी वीस माणसांसमोर ठेवला होता, म्हणून तो तितक्यांसमोरच उचलायला हवा होता. काल वटपौर्णिमा होती. बायका पूजेहून परतल्यावर मी सर्वांना बोलाविले. विसांपैकी दोघे आता नाहीत. चौदा जण आले. आनंदीबाई आल्या. भिवा लालबागहून आला. वर लिहिले आहे तेवढे मी उभ्याने वाचून दाखविले. मधेच तुझ्या चुलतसासूबाई म्हणाल्या, "पुरे हो भाऊजी, आता उगाच कशाला? झालं ते झालं." मी म्हणालो, "वहिनी, तेराव्याला 'पुरे' म्हणाला असतात तर उपयोग होता." आणि शेवटपर्यंत वाचले. उपस्थितांच्या सह्या घेऊन तो कागद या पत्रासोबत जोडला आहे. तुला किंवा बेबीला कोणी कधी काही बोलले, तर तो दाखव.

वाचून झाले. भिवा उठला. "गच्चीवरची गाठ सैल झालीय जरा. बघून येतो," म्हणाला. गाठ सैल झालेली नव्हती. तो बराच वेळ खाली आला नाही. आला तेव्हा डोळे धुऊन आला होता. जाताना माझ्याकडे न पाहता म्हणाला, "अप्पा, पावसाच्या आधी तारेला डांबर लावाय पायजे. येतो मी रविवारी." त्याला यायचे नसते तरी मी समजून घेतले असते.

नवा अर्ज आज टपालात टाकला. परवान्याचेही पोस्टात जाऊन सांगितले. कारकून म्हणाला, "दोन वर्षांनी सांगताय?" मी म्हणालो, "होय, दोन वर्षांनी."

एक गोष्ट मात्र मी सामंतांना सांगितली नाही, आणि काल वाचूनही दाखविली नाही. थापा थांबल्यानंतर मनमोहन दारापलीकडून काही बोलला. त्याचे ते शेवटचे शब्द. अडीच वर्षे ते माझ्या एकट्यापाशी आहेत. ते माझे नव्हेत, तुझे आहेत. भिवाला ते कधीही कळू नयेत. का, ते तू वाचशील तेव्हा समजेल. सामंतांनी दिलेल्या दुसऱ्या तक्त्यावर ते लिहून पाठवीत आहे. नियम चारप्रमाणे भरला आहे.

क्षमा मागत नाही. मागितली, तर ती देण्याचा भारही तुझ्यावरच पडेल. आशीर्वाद लिहिण्याची या जागी रीत आहे; तो देण्याची माझी योग्यता नाही. म्हणून, वयाने मोठा असूनही, मी तुला नमस्कार करतो.

त्रिंबक मोरोबा धराधर


सोबत:

उपग्रह श्रवण मंडळ, दादर
नोंदीचा तक्ता

केंद्र: गिरगाव, क्रमांक सतरा.
दिनांक: बुधवार, १८ जानेवारी १९५६.
ध्वनी सुरू: सायंकाळी ७ वाजून ४ मिनिटे.
ध्वनी बंद: ७ वाजून ६ मिनिटे.
ऐकू आला किंवा नाही: आला.
स्पष्टता, पाचपैकी: पाच.
व्यत्यय: कोणताही नाही.
ध्वनीचे स्वरूप: दोन थापा, विराम, दोन थापा. असे तीन वेळा. त्यानंतर शब्द: "अप्पा, चालू द्या तुमचं. लालबागकडचे रस्ते बंद आहेत, मी तोवर भिवाला परत बोलावून आणतो. घाई करू नका."
त्या वेळी श्रोत्याची हालचाल: झाली नाही.
केंद्रचालकाचे नाव: त्रिंबक मोरोबा धराधर.